निळ्या डब्याची निवृत्ती

माणसाने निवृत्तीनंतर मासे धरावेत, गवत कापावं, बायकोच्या गाडी चालवण्यात चुका काढाव्यात. पण वाचनालयातल्या फुकट व्याख्यानाला कधी जाऊ नये. तिथला चहा फुकट असतो आणि पुढे फार महागात पडतो. पोर्ट ट्रेवीन गावचा माजी पोस्टमास्तर मर्व्ह पॅस्को जानेवारीतल्या, म्हणजे तिथल्या ऐन उन्हाळ्यातल्या, एका शुक्रवारी तिथे गेला, तो केवळ वाचनालयाचा एसी घरच्या एसीपेक्षा बरा म्हणून. बाहेर पडला तो भीष्मप्रतिज्ञा करून.

झालं असं, की ॲडलेडहून व्याख्यान द्यायला आलेल्या बाईंनी आधी सगळ्यांना उभं केलं. घरातल्या रोजच्या कचऱ्यामुळे हवेत किती कार्बन जातो ते त्यांनी सांगितलं आणि म्हणाल्या, "आता मी एकेक विचारते. ज्यांच्याकडून तसं होतं, त्यांनी गुपचूप खाली बसायचं." मर्व्हने छाती पुढे काढली. काटकसर हा त्याचा खानदानी गुण. पार्सलांची सुतळी तो अजून गुंडाळून ठेवतो. शेवटी आपण एकटेच उभे राहणार, लोक टाळ्या वाजवणार, तेव्हा चेहऱ्यावर कितपत नम्रता आणायची याचा तो विचार करत होता.

"या आठवड्यात शिळं अन्न डब्यात टाकलं?" बाईंनी विचारलं.

शेजारून ग्लेनिसने, म्हणजे त्याच्या बायकोने, त्याच्या पँटचा खिसा ओढला. "बस खाली. अर्धी भोपळ्याची भाजी काल कोणी टाकली?"

मर्व्ह बसला. पहिल्याच प्रश्नाला. आणि शेवटपर्यंत उभा कोण राहावा? तर शेजारचा ड्रागो! ज्याच्या अंगणात गंजकी होडी, ज्याच्या शर्टाला चार भोकं, जो माशांची आतडी लिंबाच्या झाडाखाली पुरतो आणि जुन्या जाळ्यांना काकड्यांचा मांडव करतो, तो ड्रागो. लोकांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा तो बिचारा गोंधळून दाराकडे बघायला लागला, आत कोणी मोठं माणूस आलं की काय म्हणून.

"पोस्टमास्तर," मागच्या रांगेतून रॉन्डा क्विगली हसली, "उभे तरी कशाला राहिला होतात?"

रॉन्डा मर्व्हच्या घरासमोर राहते. तिला जगातल्या सर्व विषयांवर मत आहे आणि ते तिने अजून कोणापासूनही लपवलेलं नाही. तिच्या हसण्याने मर्व्हचे कान लाल झाले आणि तो उठून सगळ्यांसमोर बोलून गेला, "आजपासून ईस्टरपर्यंत माझा कचऱ्याचा निळा डबा रस्त्याच्या कडेला दिसणार नाही! दिसला, तर जत्रेतली परीक्षकाची खुर्ची रॉन्डाची!"

ही साधी गोष्ट नव्हती. पोर्ट ट्रेवीनच्या लोकांचे पणजोबा तांब्याच्या खाणीत राबायला कॉर्नवॉलहून आले, ते येताना पॅस्टी घेऊन आले. पॅस्टी म्हणजे करंजीची थोरली, तिखटमिठाची बहीण. आत मटण, बटाटा, कांदा आणि सलगम, दुसरं काही नाही. जत्रेत तिची स्पर्धा असते आणि परीक्षकाच्या खुर्चीवर मर्व्हच्या आधी त्याचा बाप बसायचा. नोकरी गेली, टपालखात्याची टोपी गेली, पण ती खुर्ची होती म्हणून मर्व्ह गावात अजून कोणीतरी होता. आणि रॉन्डा पॅस्टीत गाजर घालते. उघडपणे घालते, वर लोकांनाही घालायला सांगते. ती खुर्चीवर बसली तर पॅस्को घराण्याच्या चार पिढ्या कबरीत कूस बदलतील, असं मर्व्हचं प्रामाणिक मत होतं.

"कडेला दिसला की संपलं," रॉन्डा म्हणाली. "भरलेला असो की रिकामा. कबूल?"

"कबूल!"

घरी आल्यावर ग्लेनिसने फाटक उघडलं. मग म्हणाली, "तू तोंड उघडलंस की काम माझं वाढतं. चाळीस वर्षं बघतेय."

मर्व्ह मात्र कामाला लागला. शनिवारी तो खाटकाकडे घरचा डबा घेऊन गेला. खाटकाने डब्यासकट वजन केलं, मर्व्हने हरकत घेतली, खाटकाने डबा रिकामा करून पुन्हा तोलला, मागे रांग दारापर्यंत गेली. पावाची पिशवी पावासाठीच जपायची, साबण वडीचाच आणायचा, टी-बॅगांचा चहा बंद, असे हुकूम सुटले. शेडमागे खतासाठी एक खड्डाही खणला गेला, अर्थात ऊन फार असल्याने तो गुडघाभर नव्हे, घोट्याभरच झाला.

आता या रस्त्याची एक रीत सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं महाभारत तिच्यातून झालं. साध्या कचऱ्याचा चाकांचा निळा डबा गाडी दर मंगळवारी पहाटे रिकामा करी, पुनर्वापराच्या कचऱ्याचा पिवळा एक आठवडा आड. साधा हिशेब. पण ट्रेवीन स्ट्रीटवरच्या एकाही माणसाला तो पाठ नव्हता. सोमवारी संध्याकाळ झाली की घराघरांतून पडदे किंचित हलत. मर्व्हने कोणता डबा काढला ते बघायचं आणि तोच आपला काढायचा. पोस्टमास्तर चुकणार नाही, हा विश्वास. हे सगळ्या रस्त्याला ठाऊक होतं, फक्त मर्व्हला नव्हतं.

तो सोमवार राष्ट्रीय सुट्टीचा होता. शनिवार धरून सलग सुट्ट्या, ओहोटी उत्तम, निळे खेकडे किनाऱ्याला लागलेले. अख्खा रस्ता गुडघाभर पाण्यात खेकड्यांमागे हिंडला आणि घराघरांत खेकडे उकडले गेले. कवचांनी निळे डबे गळ्यापर्यंत भरले. सोमवारी संध्याकाळी पडदे हलले. मर्व्हच्या फाटकाशी काहीच नाही.

"सुट्टीमुळे गाडी उद्यावर गेली असणार," एक म्हणाला.

"मर्व्हने काढला नाही म्हणजे तसंच," दुसरा म्हणाला.

मंगळवारी पहाटे कचऱ्याची गाडी आली, मोकळ्या रस्त्यावरून सुळकन निघून गेली. मंगळवारी संध्याकाळी पुन्हा पडदे हलले. मर्व्हचं फाटक रिकामं. बुधवारी पारा बेचाळिसावर गेला.

खेकडा जिवंतपणी नुसता चावतो. मेल्यावर बेचाळीस अंशांत तीन दिवस ठेवला तर काय करतो, ते अनुभवाशिवाय कळणार नाही. टपाल टाकणारी बाई नाकाला रुमाल लावून यायला लागली. ड्रागोच्या मांजरीने घर सोडलं.

मर्व्ह मनातून हादरला. त्याला वाटलं, हा वास आपल्याच खड्ड्याचा! त्यानेही चार खेकडे खाल्ले होते आणि कवचं त्या घोट्याभर खड्ड्यात लोटली होती. तो चोरासारखा शेडमागे जाऊन त्यावर चुना टाकी, माती टाकी, शेवटी ग्लेनिसची लव्हेंडरच्या अत्तराची बाटली ओतून आला.

"माझं अत्तर कुठेय?" ग्लेनिसने विचारलं.

"विज्ञानाला दिलं," मर्व्ह म्हणाला.

गुरुवारी त्याने घराच्या खिडक्या बंद केल्या आणि कोणी विचारलंच तर काय सांगायचं याची तालीम केली. शुक्रवारी संध्याकाळी फाटकाशी सगळा रस्ता जमलेला त्याने पाहिला. आता अब्रू जाणार. तो बाहेर गेला आणि कोणी बोलायच्या आत म्हणाला, "मला माफ करा. वास माझाच आहे."

लोक एकमेकांकडे बघू लागले.

"तुझा कसा?" ड्रागो म्हणाला. "मास्तर, वास आमचा आहे. तू डबा काढला नाहीस, म्हणून आम्ही काढला नाही."

"माझ्या डब्याचा तुमच्याशी काय संबंध?"

तेव्हा त्याला ते सांगण्यात आलं. एकेकाने कबूल केलं. कोणी पडद्याआडून बघत असे, कोणी कुत्रं फिरवायच्या निमित्ताने. कोपऱ्यावरची म्हातारी मिसेस ट्रेम्बाथ तर दुर्बीण वापरत असे. आणि ती पैज आठवली नाही का? ड्रागोने खांदे उडवले. आठवली, पण मर्व्ह ती खरंच पाळेल असं कोणाला वाटलं होतं?

"मी नगरपालिकेला फोन केला," रॉन्डा नाक दाबून बोलत होती, त्यामुळे आवाज बदकासारखा येत होता. "तासभर बासरी ऐकवली आणि मग म्हणाले, बाई, डबा उचलायचा राहिला नाही, तुम्ही तो सादरच केला नाहीत. सादर! जशी काय मी गाणं म्हणणार होते! आता पुढल्या मंगळवारीच."

मर्व्ह पायरीवर बसला. पोस्टाची किल्ली परत दिल्यापासून त्याला कोणी काही विचारलं नव्हतं. वेळ, पत्ता, दर, काहीच नाही. सगळं लोकांच्या फोनमध्ये असतं. आपण आता कोणाच्या उपयोगाचे नाही, हे त्याने एकट्याने बरेचदा घोकलं होतं. आणि इतकी वर्षं सगळा रस्ता आपल्या डब्याकडे बघून चालत होता! त्याचे डोळे पाणावले. थोडे आनंदाने, बाकीचे खेकड्यांनी.

"तर आता सोमवारी तुझा डबा काढ बाबा," ड्रागो म्हणाला. "रिकामा काढ. नुसती खूण म्हणून."

"काढू दे की," रॉन्डाने नाक सोडलं. "काढला की खुर्ची माझी."

"अगं रॉन्डा, तुझाच डबा सगळ्यात जास्त वास मारतोय!"

"मारू दे. शब्द म्हणजे शब्द."

मर्व्हने तिच्याकडे बघितलं. पहिल्यांदाच त्याला तिच्याबद्दल आदर वाटला. गाजर सोडलं तर बाई तत्त्वाची होती.

कोंडी फोडली ग्लेनिसने. ती आतून आपला निळा एप्रन घेऊन आली आणि तिने तो फाटकाजवळच्या टपालपेटीला बांधला. "हा एप्रन सोमवारी दिसला की निळे डबे काढा. पैजेत एप्रनबद्दल काही ठरलं नव्हतं ना? आणि मर्व्ह, खुणेचं झालं. पण मंगळवारपर्यंत हा वास कोण सहन करणार?"

मर्व्ह उठला. त्याच्या घरामागे एक हिरवळ होती. तिची वर्णनं लोक फक्त ऐकून होते, कारण तिच्यावर पाय ठेवायची कोणाला परवानगी नव्हती. ती तो कात्रीने कापत असे, अंथरुणावर सुरकुती राहू देऊ नये तशी. नातेवाईक आले तर त्यांना ती खिडकीतून दाखवण्यात येई.

"आणा," तो म्हणाला. "सगळी कवचं इकडे आणा. हिरवळीत पुरू."

"मर्व्ह!" ग्लेनिसने त्याच्या कपाळाला हात लावून बघितला.

घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, अशातली गत. पण व्याह्याला पत्र आपणच लिहिलं होतं. पहिलं फावडं हिरवळीत गेलं तेव्हा मर्व्हने डोळे मिटले. मग सल्ल्यांचा पाऊस पडला. एक म्हणाला चर उत्तर-दक्षिण हवा, दुसरा म्हणाला दिशेचा संबंध नाही, खोली हवी. मिसेस ट्रेम्बाथ खुर्ची आणून बसली आणि प्रत्येक फावड्याला "आणखी खोल" म्हणू लागली. खरं खणलं ते ड्रागोने आणि मर्व्हने, कमरेएवढं. त्यात कवचं, वर पालापाचोळा, वर माती. अंधार पडेपर्यंत वास गेला आणि हिरवळीच्या जागी नुकत्याच बुजवलेल्या थडग्यासारखा एक लांब उंचवटा राहिला. मर्व्ह त्याच्याकडे पाठ करून जेवला.

पण पोर्ट ट्रेवीनचे लोक एकदा वाट सापडली की सोडत नाहीत. पुढल्या आठवड्यात कोणी सालं घेऊन आलं, कोणी अंड्यांची टरफलं. "चराला घालायला आणलंय," असं देवाला नैवेद्य आणावा तसं म्हणत येत. दुसरा चर खणला, मग तिसरा. रॉन्डा मागच्या दाराने येई, कारण पुढच्या दाराने येणं तिला पैजेच्या दृष्टीने बरोबर वाटत नव्हतं. लष्कराच्या भाकऱ्या भाजाव्यात तशी मर्व्हची गत झाली होती, पण त्याला भूक चांगली लागत होती.

मध्यंतरी गांडुळांचंही एक प्रकरण झालं. रॉन्डाच्या सल्ल्याने पेटीभर गांडुळं आणली, उन्हाने ती मरतील म्हणून मर्व्हने पेटी न्हाणीघरातल्या टबात ठेवली, आणि ग्लेनिसला सांगायचं राहून गेलं. याबद्दल एवढंच लिहिणं शक्य आहे.

अन्न डब्यात पडायचं थांबलं तसे लोकांचे निळे डबे हलके झाले. सोमवारी एप्रन लागे, पण डबे कमी निघत. "अर्धासुद्धा भरला नाही, पुढच्या वेळी काढू," असं एक म्हणे आणि रीतीप्रमाणे बाकीचे तेच करत. मार्च संपता संपता एका मंगळवारी गाडीवाल्याने रस्त्याच्या मधोमध गाडी थांबवली, खाली उतरून हाक मारली, "अहो, कोणी जिवंत आहे का इथे?"

मर्व्हने त्याला चहा पाजला आणि कृतकृत्य होऊन झोपला. ईस्टरला एकच आठवडा उरला होता. इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती, पण जगात नगरपालिका आहे.

ईस्टरच्या आधल्या गुरुवारी फाटकाशी एक ट्रक थांबला. त्यातून फिंच नावाचे निरीक्षक उतरले. फार सभ्य गृहस्थ. "मिस्टर पॅस्को, आपल्या मालमत्तेचा निळा डबा बरेच आठवडे सादर झालेला नाही. नियमाप्रमाणे घर रिकामं समजून डबा परत घ्यावा लागतो."

"घर रिकामं? मग तुमच्याशी बोलतोय तो कोण?"

"ते मला दिसतंय. यंत्रणेला दिसत नाही."

"मग न्या डबा! माझ्या काय कामाचा? शेडपाशी आहे."

"आत येऊन उचलायची परवानगी नाही. आपण तो रस्त्याच्या कडेला आणून ठेवावा."

समोरच्या घराचा पडदा हलला आणि दार उघडलं. रॉन्डा रस्ता ओलांडून आली.

"नाही ठेवला तर?" मर्व्हने विचारलं.

"तर डबा गहाळ झाला असं समजून मला आपल्यावर कारवाई करावी लागेल. आणि परत घेण्याची मुदत आज संपते." फिंचसाहेबांना खरोखर वाईट वाटत होतं.

म्हणजे ठेवला तर खुर्ची जाणार, न ठेवला तर पॅस्कोच्या दारात कारवाई येणार. एवढं सगळं करून, हिरवळ गमावून, बायकोचं अत्तर गमावून, शेवटी निकाल लागणार तो रिकाम्या डब्याने! मर्व्हला फार एकटं वाटलं. त्याने रॉन्डाकडे बघितलं. जिंकलेल्या माणसाकडे बघतात तसं.

रॉन्डा फिंचसाहेबांकडे वळली. "साहेब, तुमचा ट्रक कुठे उभा आहे?"

"रस्त्यावर."

"कडेला की रस्त्यावर?"

"रस्त्यावर. कडेला गवत आहे."

"मग डबा कडेला न टेकता थेट ट्रकात आला, तर तुमच्या यंत्रणेच्या पोटात दुखेल का?"

फिंचसाहेबांनी बराच विचार केला. "त्याबद्दल नियम नाही."

"ड्रागो!" रॉन्डा ओरडली. तिचा आवाज जत्रेच्या मैदानापर्यंत जातो, तो त्या दिवशी सार्थकी लागला. घराघरांतून माणसं आली. ड्रागोने आणि आणखी तिघांनी शेडपाशी जाऊन डबा खांद्यावर घेतला, रॉन्डाने पुढून चाक धरलं. निघाली वरात! मिसेस ट्रेम्बाथ काठीने रस्ता मोकळा करत पुढे, ग्लेनिस एप्रन हलवत मागे, आणि मध्ये मर्व्ह, नवरदेवासारखा, हात कुठे ठेवावेत ते न कळून. फाटकाबाहेरच्या गवताच्या पट्टीवर ड्रागोचा पाय घसरला, डबा कलला, सगळा रस्ता एका सुरात किंचाळला, "टेकवू नका!"

रॉन्डाने तो आपल्या छातीवर झेलला. चाक गवताच्या वीतभर वर थांबलं. मग हळूहळू वर गेलं आणि ट्रकात धाडकन बसलं. अशा टाळ्या वाचनालयातसुद्धा वाजल्या नव्हत्या. फिंचसाहेबही वाजवत होते.

"तू का मदत केलीस?" लोक पांगल्यावर मर्व्हने विचारलं. "खुर्ची तुझीच होती."

"खुर्ची मला पाहिजेच," रॉन्डा ब्लाउजवरची माती झटकत म्हणाली. "पण नगरपालिकेने दिलेली नको. आणि माझी खेकड्याची घाण तुझ्या हिरवळीखाली आहे. तेवढं कळतं मला."

ईस्टरच्या शनिवारी जत्रा भरली. मर्व्ह बापाच्या खुर्चीवर बसला. परीक्षणाची पद्धत ठरलेली, शितावरून भाताची परीक्षा. प्रत्येक पॅस्टीचा एक घास घ्यायचा आणि उरलेली मागच्या पिंपात. मर्व्हने पहिला घास घेतला, मान डोलावली आणि सवयीने मागे हात नेला. पिंप तिथे नव्हतं. त्याच्या जागी रॉन्डा उभी होती, हाताची घडी घालून, आणि तिच्यामागे सगळा ट्रेवीन स्ट्रीट.

"काय टाकायचंय पोस्टमास्तर?"

मर्व्हने हात पुढे घेतला. "काही नाही," तो म्हणाला. "चव बघतोय."

त्याने ती पॅस्टी संपवली. मग दुसरी. तिसरीनंतर त्याने पट्टा सैल केला, पाचवीनंतर ग्लेनिसने त्याच्यासाठी पाणी आणलं. शेवटची पॅस्टी समोर आली. त्याने ती मोडली आणि आतून केशरी तुकडा डोकावला. लोक पुढे झुकले. पॅस्को घराण्यातल्या कोणीही आजवर गाजराची पॅस्टी तोंडाला लावली नव्हती.

"माझ्या घरचं नाही हं ते गाजर," रॉन्डा हळूच म्हणाली. "तुझ्या पहिल्या चरातलं आहे. मागच्या दाराने येऊन मीच लावलं होतं. अजून कोवळंच आहे."

मर्व्हने डोळे मिटले आणि घास घेतला. चावला. थांबला. परत चावला. मग एकेक घास करत सगळी संपवली, कागदावर पडलेले कण बोटाने टिपून खाल्ले. पहिला नंबर त्याने सलगमवालीलाच दिला, तत्त्व म्हणजे तत्त्व. पण लोक पांगू लागले तेव्हा त्याने रॉन्डाला कोपऱ्यात बोलावलं आणि इकडेतिकडे बघत विचारलं,

"आणखी एखादी उरलीये का गं? वाया जायला नको."